प्रदूषित गाळ जमिनीवर पसरवण्याचे पर्यावरणीय परिणाम

धरणे, तलाव, नद्या, नाले, खाड्या व बंदरे यांच्या तळाशी साचलेला गाळ उपसून शेतात, पडीक जमिनीवर किंवा सखल भागात टाकला जातो. अशा गाळात जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष, तेलजन्य संयुगे, क्षार किंवा रोगजंतू असतील तर त्या जागेतील माती, भूजल, पिके, मृदाजीव आणि अन्नसाखळी यांवर दीर्घकाळ टिकणारे परिणाम होतात. गाळ हा मूलतः पाणलोट क्षेत्रातून वाहून आलेला मातीचा सुपीक भाग असल्यामुळे तो शेतजमिनीला परत देणे ही उपयुक्त आणि प्राचीन प्रथा आहे. मात्र गाळ कोठून आला, त्यात काय मिसळले आहे आणि तो किती जाडीने पसरवला जातो यांवर तो जमिनीला खत ठरेल की प्रदूषक, हे अवलंबून असते.

महाराष्ट्रात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेमुळे जलसाठ्यांतील गाळ मोठ्या प्रमाणावर शेतात जातो. दुसरीकडे मुंबई महानगरातील नदीनाल्यांचा गाळही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उपसून जमिनीवरच टाकावा लागतो. या दोन्ही गाळांचे गुणधर्म अत्यंत भिन्न आहेत.

== पार्श्वभूमी ==

पावसाच्या पाण्याबरोबर शेतातील मातीचे बारीक कण वाहून जातात. जलाशयात पाण्याचा वेग मंदावतो. जड वाळू व गोटे मुखाजवळच राहतात, तर चिकणमाती आणि पोयटा आत खोलवर जाऊन तळाशी बसतात. त्यामुळे जलाशयातील गाळ मूळ जमिनीपेक्षा अधिक बारीक कणांचा आणि सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध असतो. नत्र, स्फुरद, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्येही त्यात तुलनेने जास्त आढळतात. हलक्या, मुरमाड किंवा बरड जमिनीवर असा गाळ पसरवल्यास तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पावसाचा खंड पडला तरी पीक अधिक काळ तग धरते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने दख्खनमधील तलावांच्या गाळातून जमिनीला परत मिळणाऱ्या अन्नद्रव्यांचा अभ्यास केला आहे.

ज्या गुणधर्मांमुळे गाळ सुपीक असतो, त्याच गुणधर्मांमुळे तो प्रदूषकेही साठवतो. चिकणमातीच्या कणांचे पृष्ठफळ प्रचंड असते आणि त्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे शिसे, कॅडमिअम, जस्त, तांबे यांसारख्या धातूंचे धन आयन त्यांना चिकटतात. सेंद्रिय पदार्थ कीटकनाशके आणि तेलजन्य संयुगे शोषून घेतात. पाणी स्वच्छ दिसू लागले तरी पूर्वी सोडलेले प्रदूषक तळाच्या गाळात अनेक दशके टिकून राहू शकते.

== गाळ प्रदूषित होण्याची कारणे ==

गाळातील प्रदूषकांचे प्रमुख स्रोत पुढीलप्रमाणे आहेत.

* औद्योगिक सांडपाणी : धातुकाम, विद्युतविलेपन, रंग, चामडे व रसायन उद्योगांतून क्रोमिअम, निकेल, कॅडमिअम, शिसे, पारा इत्यादी धातू जलप्रवाहात येतात. उल्हास खोऱ्यातील काळू नदीत पाऱ्याचे प्रदूषण १९७० व १९८० च्या दशकांत संशोधकांनी नोंदवले होते.
* नागरी सांडपाणी : प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यातून रोगजंतू, परोपजीवी कृमींची अंडी, प्रतिजैविकांचे अवशेष, प्रक्षालके आणि सूक्ष्म प्लास्टिक गाळात मिसळतात.
* शेती : पाणलोटातून स्फुरद, नत्र आणि कीटकनाशके वाहून येतात. भारतात डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. तथापि डीडीटी व त्याच्या विघटनातून तयार होणारी संयुगे अतिशय संथपणे नष्ट होतात.
* मूर्तिविसर्जन : प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रासायनिक रंगांमुळे तलावांच्या तळाशी कॅल्शिअम सल्फेट व धातू साचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या.
* खाणकाम : उघड्या खाणींतील माती व टाकाऊ खनिज पावसाबरोबर नद्या आणि शेतांत उतरते.
* रस्ते व वाहने : शहरी नाल्यांतील गाळात टायरची झीज, इंधनाचे अवशेष आणि बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन संयुगे आढळतात.

== पाण्याबाहेर आल्यावर गाळात होणारे बदल ==

जलाशयाच्या तळाशी ऑक्सिजन अत्यल्प असतो. अशा स्थितीत सल्फेटचे सल्फाइडमध्ये रूपांतर करणारे जिवाणू कार्यरत असतात. कॅडमिअम, जस्त, शिसे, तांबे, पारा हे धातू सल्फाइडच्या रूपात बद्ध होतात आणि ही संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. म्हणजेच प्रदूषित गाळ पाण्याखाली असताना त्यातील धातू बऱ्याच अंशी अचल असतात.

गाळ उपसून उन्हात पसरवला की तो सुकतो, त्याला भेगा पडतात आणि हवा आत शिरते. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट व सल्फ्युरिक आम्ल तयार होते. गाळात पुरेसा चुना नसेल तर सामू घसरतो आणि बद्ध असलेले धातू पाण्यात विरघळू लागतात. कॅडमिअम व जस्त हे धातू सर्वप्रथम सुटे होतात. शिसे तुलनेने घट्ट धरलेले राहते. सेंद्रिय पदार्थांचे विघटनही वेगाने होते आणि त्यांना चिकटलेली प्रदूषके मोकळी होतात. या क्रिया काही आठवड्यांत सुरू होतात आणि अनेक वर्षे चालू राहू शकतात. त्यामुळे ताज्या गाळाचा नमुना तपासून मिळालेला निष्कर्ष काही वर्षांनंतरच्या स्थितीला लागू पडेलच असे नाही.

महाराष्ट्रात या प्रक्रियेचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या जमिनीत चुनखडीचे कण असतात आणि सामू सामान्यतः ७.५ च्या वर असतो. हा चुना तयार होणारे आम्ल उदासीन करतो. शिवाय काळ्या मातीतील स्मेक्टाइट या चिकणखनिजाची धन आयन विनिमय क्षमता जास्त असल्यामुळे कॅडमिअम व शिसे धरून ठेवले जाते. कोकण व गोव्यातील जांभ्या मातीत मात्र चुना फारसा नसतो आणि ती मुळातच आम्लधर्मी असते. तेथे खाडीचा सल्फाइडयुक्त गाळ पसरवल्यास आम्लता आणि क्षारता असे दोन्ही दोष निर्माण होऊ शकतात.

अल्कधर्मी माती सर्वच प्रदूषकांपासून संरक्षण देते असे नाही. आर्सेनिक, मॉलिब्डेनम आणि क्रोमेट ही ऋण आयनांच्या रूपात असणारी द्रव्ये उच्च सामूच्या जमिनीत अधिक चल होतात. तसेच पावसाळ्यात पाणी साचून पुन्हा ऑक्सिजनचा अभाव झाल्यास लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक परत पाण्यात येऊ शकते. उन्हाळा व पावसाळा यांच्या आवर्तनामुळे एकाच जमिनीत दरवर्षी हे दोन्ही टप्पे येतात.

== परिणाम ==

=== मातीवर ===

प्रदूषक नसलेला गाळही जाड थरात टाकल्यास मातीची रचना बदलतो. चिकणमातीचा थर सुकल्यावर कठीण पापुद्रा धरतो आणि ओला झाल्यावर पाण्याचा निचरा रोखतो. खाडीच्या गाळातील सोडिअममुळे मातीचे कण विखुरतात आणि जमीन चोपण होते. अवजड वाहनांच्या ये-जा करण्यामुळे खालची जमीन दाबली जाते. गाळ प्रदूषित असेल तर या भौतिक दोषांत रासायनिक दोषांची भर पडते. धातू मातीत विघटित होत नाहीत. पीक, धूप किंवा निचरा यांवाटे ते अत्यल्प प्रमाणातच बाहेर जातात. म्हणून एकदा दूषित झालेली जमीन व्यवहारतः पिढ्यान्‌पिढ्या दूषित राहते.

=== भूजल व पृष्ठजलावर ===

गाळातून सुटणारे नायट्रेट, क्लोराइड, सल्फेट इत्यादी क्षार सहज खाली झिरपतात. धातू सहसा वरच्या थरात अडकतात. परंतु काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगांमुळे पहिल्या पावसाचे पाणी माती न गाळताच खाली उतरू शकते. ज्या भागात विहिरी उथळ आहेत आणि पिण्याचे पाणीही त्याच विहिरींतून घेतले जाते, तेथे ही बाब गंभीर ठरते. उतारावर टाकलेला सैल गाळ पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात परत जातो. त्यामुळे उपशाचा खर्च वाया जातो आणि प्रदूषक पुन्हा जलप्रवाहात येते.

=== वनस्पती व पिकांवर ===

प्रत्येक धातू वनस्पतीत सारख्याच प्रमाणात शिरत नाही. कॅडमिअम व जस्त मुळांवाटे सहज वर चढतात, तर शिसे व क्रोमिअम बहुधा मुळांतच अडकतात. पालकासारख्या पालेभाज्या आणि तंबाखू कॅडमिअम अधिक प्रमाणात साठवतात. जस्त व तांबे अतिरिक्त झाल्यास पिकावरच विषबाधेची लक्षणे दिसतात आणि उत्पादन घटते, त्यामुळे दोष लवकर लक्षात येतो. कॅडमिअमच्या बाबतीत पीक निरोगी दिसत असतानाही त्याचे धान्य किंवा पाने खाण्यास अयोग्य असू शकतात.

पडीक जागेत टाकलेल्या गाळावर काही महिन्यांतच वनस्पती उगवतात. प्रथम पाणकणीस, बेशरम यांसारख्या ओलावा व प्रदूषण सहन करणाऱ्या जाती येतात. गाळ सुकल्यावर वेडी बाभूळ पसरते. गाळाबरोबर जलपर्णीसारख्या आक्रमक वनस्पतींचे बीही नव्या ठिकाणी पोहोचते. वरून हिरवी दिसणारी अशी जागा पर्यावरणदृष्ट्या पूर्ववत झाली असे मानता येत नाही.

=== मृदाजीव व अन्नसाखळीवर ===

गांडुळे माती गिळतात, त्यामुळे मातीतील कॅडमिअम त्यांच्या शरीरात साठते आणि त्याचे प्रमाण अनेकदा आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त होते. गांडुळे खाणारे पक्षी आणि चिचुंद्रीसारखे लहान सस्तन प्राणी यांच्या यकृतात व मूत्रपिंडात ते पुढे जाते. तांब्याचे प्रमाण वाढल्यास गांडुळांची संख्या व प्रजनन घटते. नत्र स्थिर करणारे रायझोबिअम जिवाणूही जड धातूंना संवेदनशील असतात. तूर, हरभरा, सोयाबीन ही पिके या जिवाणूंवर अवलंबून असल्यामुळे कोरडवाहू शेतीत या परिणामाला आर्थिक महत्त्व आहे.

चरणारी जनावरे गवताबरोबर मातीही गिळतात. त्यामुळे धातू वनस्पतीत शिरला नाही तरी तो जनावरांच्या पोटात जाऊ शकतो. मेंढ्या तांब्याच्या विषबाधेला विशेष बळी पडतात. गाळाच्या ढिगांमधील खळग्यांत पाणी साचून राहिल्यास तेथे पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होऊ शकते. मिथिल पारा हा अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर वाढत जाणारा विषारी घटक आहे.

=== अधिवासांवर ===

गाळ टाकण्यासाठी अनेकदा 'निरुपयोगी' समजल्या जाणाऱ्या जागा निवडल्या जातात. गायराने, पाणथळ जागा, खारफुटीलगतच्या दलदली आणि नदीकाठची पूरमैदाने यांचा त्यात समावेश होतो. या जागा पक्षी, उभयचर आणि मासे यांची प्रजननस्थाने असतात आणि पुराचे पाणी सामावून घेतात. भरावामुळे त्या कायमच्या नष्ट होतात. उपशाच्या ठिकाणीही हानी संभवते. गाळ काढताना मुरमापर्यंत खोदल्यास तळाचा जलरोधक थर फुटतो, तर सरळ कडा ठेवून खोदल्यास शेकाट्यासारख्या उथळ पाण्यात वावरणाऱ्या पक्ष्यांना उपयोगी असलेला काठ राहत नाही.

== मात्रेचे महत्त्व ==

रासायनिक खत किंवा कंपोस्ट यांच्या तुलनेत गाळाची मात्रा प्रचंड असते. एका एकरावर ४०० घनमीटर गाळ पसरवल्यास सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा थर तयार होतो. घनमीटरला १.२ टन कोरडे वजन धरल्यास हा गाळ सुमारे ४८० टन भरतो. अशा गाळात किलोग्रॅममागे केवळ २ मिलिग्रॅम कॅडमिअम असले, तरी त्या एकरात सुमारे ९६० ग्रॅम कॅडमिअम एकाच वेळी येते. हेक्टरी हिशेबाने हे प्रमाण सुमारे २.४ किलोग्रॅम होते. सांडपाण्याच्या गाळाविषयीच्या १९८६ च्या युरोपीय निर्देशानुसार शेतजमिनीत कॅडमिअमची भर दहा वर्षांच्या सरासरीने हेक्टरी वार्षिक ०.१५ किलोग्रॅमपेक्षा, म्हणजे दहा वर्षांत १.५ किलोग्रॅमपेक्षा, अधिक होऊ नये अशी मर्यादा आहे. या उलट, किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅम कॅडमिअम असलेले कंपोस्ट एकरी ५ टन टाकल्यास २५ ग्रॅमच कॅडमिअम जमिनीत जाते. म्हणून कंपोस्टसाठी सुरक्षित मानलेले प्रमाण गाळासाठी आपोआप सुरक्षित ठरत नाही.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

=== गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ===

महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये ही योजना सुरू केली. २५० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या लहान जलसाठ्यांना तिच्यात प्राधान्य होते. यंत्रसामग्रीच्या इंधनाचा खर्च शासन किंवा स्वयंसेवी संस्थांनी करावा आणि वाहतूक शेतकऱ्यांनी स्वखर्चाने करावी, असे तिचे मूळ स्वरूप होते. योजनेखाली वाळू काढण्यास मनाई आहे. २०२३ मध्ये योजना नव्या स्वरूपात राबवण्यात आली आणि अत्यल्प व अल्पभूधारक शेतकऱ्यांना तसेच विधवा, अपंग व आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना अडीच एकरांपर्यंत, कमाल ३७,५०० रुपयांच्या मर्यादेत अनुदान देण्याची तरतूद झाली. योजनेचा भर जलसाठ्यांची क्षमता वाढवणे आणि जमिनीची सुपीकता सुधारणे या दोन उद्दिष्टांवर आहे.

=== सास्तूर परिसर व तेरणा खोरे ===

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या गावाची मोठी हानी झाली होती. याच तालुक्यात माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. तेरणा ही मांजरा नदीची उपनदी असून मांजरा पुढे गोदावरीस मिळते. परिसर अवर्षणप्रवण आहे. शेती मुख्यतः सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी आणि सिंचन असेल तेथे ऊस यांवर आधारलेली आहे. नदीकाठी खोल काळी जमीन आणि माळरानावर उथळ मुरमाड जमीन असा फरक एकाच शिवारात आढळतो. म्हणून तलावातील गाळाला येथे मोठी मागणी असते.

या खोऱ्याचे पाणलोट प्रामुख्याने शेतीचे आहे. त्यामुळे येथील गाळात औद्योगिक धातूंपेक्षा शेतीतील रसायने आणि गावांचे सांडपाणी यांचा विचार अधिक आवश्यक ठरतो. गावाला लागून असलेल्या, सांडपाणी उतरणाऱ्या तलावाचा गाळ आणि माळावरील पाझर तलावाचा गाळ यांत फरक करणे इष्ट असते.

दख्खनच्या गाळाची तपासणी करताना आणखी एक अडचण येते. येथील माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून त्या खडकात तांबे, निकेल, क्रोमिअम व व्हॅनेडिअम यांचे नैसर्गिक प्रमाण जास्त असते. त्यामुळे पूर्णतः निर्मळ गाळातही क्रोमिअम किंवा निकेल कंपोस्टच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळू शकते. हे धातू खनिजांच्या स्फटिकांत बद्ध असल्याने पिकांना सहसा मिळत नाहीत. केवळ एकूण प्रमाण पाहिल्यास निर्मळ गाळ दूषित ठरण्याचा आणि पार्श्वभूमीचे प्रमाण जास्त आहे म्हणून खरे प्रदूषण दुर्लक्षिले जाण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात. यासाठी त्याच खोऱ्यातील अदूषित मातीशी तुलना करणे आणि पिकांना उपलब्ध होणारे प्रमाण स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक असते.

=== भीमा खोरे व उजनी ===

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात भीमेबरोबरच मुळा-मुठेवाटे पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी येते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली जातात. तेरणेसारख्या शेतीप्रधान खोऱ्यातील आणि नागरी-औद्योगिक पाणलोट असलेल्या उजनीसारख्या जलाशयातील गाळाला एकच नियम लावता येत नाही, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

=== मुंबई महानगर ===

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या पुराने मुंबईत मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर नदीचे खोलीकरण व वार्षिक गाळउपसा यांना वेग आला. मिठी व शहरातील नाल्यांच्या गाळात मैला, प्लास्टिक, तेल आणि लघुउद्योगांचे सांडपाणी मिसळलेले असते. शहरात जागा नसल्याने हा गाळ बाहेरील जमिनींवर नेला जातो. अशा वेळी पूरनियंत्रणाचा लाभ एका भागाला आणि प्रदूषणाचा भार दुसऱ्या भागाला, अशी विषम वाटणी होऊ शकते.

=== गोवा व सिंधुदुर्ग ===

गोव्यातील डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ माती पावसाळ्यात भातशेतीत उतरून अनेक शेते नापीक झाली. राज्यातील खाणकाम २०१२ मध्ये थांबवण्यात आले होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कळणे येथील खाणीतील पाण्याचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटून चिखल घरांत आणि शेतांत शिरला. हा गाळ हेतुपुरस्सर पसरवलेला नसला तरी जमिनीवरील परिणाम त्याच प्रकारचे असतात. बारीक लोहयुक्त कण भाताच्या वाफ्यात घट्ट बसतात आणि मुळांना हवा मिळत नाही.

== इतर देशांतील उदाहरणे ==

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमिअम सिंचनाच्या पाण्याबरोबर व गाळाबरोबर भातखाचरांत साचले. दूषित तांदूळ खाल्ल्याने 'इताई-इताई' हा हाडे ठिसूळ करणारा रोग उद्भवला. जपान शासनाने १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. त्यानंतर सुमारे ८६० हेक्टर जमिनीतील दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ मातीचा थर देण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

मिनामाता उपसागरातील पारायुक्त गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून किनाऱ्यालगत बंदिस्त भरावात ठेवण्यात आला. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळण्यात आला आणि ५८ हेक्टर जमीन तयार झाली. हा गाळ उघड्यावर न पसरवता स्वच्छ मातीखाली झाकण्यात आला.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराचा गाळ पूर्वी जमिनी उंच करण्यासाठी वापरला जात असे. व्लार्डिंगेन येथील ब्रूकपोल्डर हा भूभाग याच पद्धतीने भरला गेला. तेथे कीटकनाशकांचे अवशेष व धातू आढळल्यामुळे नियोजित घरबांधणी सोडून देण्यात आली. पुढे अत्यंत दूषित गाळासाठी १९८७ पासून स्लुफ्टर हे बंदिस्त साठवणस्थळ वापरात आले. जर्मनीतील हँबुर्ग येथे १९९३ पासून बंदरातील गाळातून वाळू वेगळी करणारा प्रकल्प चालू झाला. धातू मुख्यतः बारीक कणांत असल्याने वाळू पुन्हा वापरता येते आणि बंदिस्त ठेवावयाच्या गाळाचे आकारमान घटते. बेल्जियममध्ये शेल्ड नदीकाठी जुना गाळ टाकलेल्या जागांवर उगवलेल्या वाळुंज वर्गातील झाडांच्या पानांत कॅडमिअम व जस्त जास्त आढळले. पानगळीबरोबर हे धातू दरवर्षी जमिनीच्या पृष्ठभागावर परत येतात.

== कायदे व निकष ==

भारतात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हे मूलभूत कायदे लागू होतात. एखाद्या टाकाऊ पदार्थातील विषारी घटक ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असल्यास घातक व इतर टाकाऊ पदार्थ नियम, २०१६ लागू होऊ शकतात. पाणथळ जागांमधील भरावासंबंधी पाणथळ जागा नियम, २०१७ आहेत. प्रदूषित स्थळांची ओळख व पुनर्वसन यांसाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले.

तुलनेसाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील नागरी कंपोस्टच्या मर्यादांचा उपयोग केला जातो. त्यानुसार प्रति किलोग्रॅम कमाल प्रमाण आर्सेनिक १०, कॅडमिअम ५, क्रोमिअम ५०, तांबे ३००, शिसे १००, पारा ०.१५, निकेल ५० आणि जस्त १,००० मिलिग्रॅम असे आहे. या मर्यादा गाळासाठी ठरवलेल्या नाहीत आणि वर नमूद केल्याप्रमाणे मात्रा व बेसाल्टी पार्श्वभूमी या दोन्ही कारणांनी त्या गाळाला जशाच्या तशा लावता येत नाहीत.

== तपासणी व उपाययोजना ==

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटक तपासले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युतवाहकता व सेंद्रिय कर्ब. त्यात कॅडमिअम, शिसे, पारा व आर्सेनिक नाहीत. जस्त व तांबे तपासले जात असले तरी ते कमतरता ओळखण्याच्या हेतूने. त्यामुळे या पत्रिकेवरून गाळ सुपीक आहे की नाही हे कळते, पण तो निर्धोक असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

गाळाच्या सुरक्षित वापरासाठी सामान्यतः पुढील उपाय सुचवले जातात.

* उपशापूर्वी पाणलोटाची पाहणी करून उद्योग, सांडपाण्याचे नाले, विसर्जनाची ठिकाणे व कचराडेपो यांची नोंद करणे.
* नमुने एकाच जागेवरून न घेता मुखाजवळ, मध्यभागी आणि भिंतीजवळ तसेच वेगवेगळ्या खोलीवरून घेणे. नाल्याच्या मुखाजवळचा गाळ वेगळा ठेवणे.
* संशयास्पद गाळात धातूंचे एकूण आणि पिकांना उपलब्ध होणारे, असे दोन्ही प्रमाण तपासणे.
* गाळ पातळ थरात पसरवून नांगरटीने खालच्या मातीत मिसळणे. मुळातच खोल काळी जमीन असेल तेथे गाळ न टाकणे.
* उतारावर बांध घालून आणि पावसाळ्यापूर्वी मशागत पूर्ण करून गाळ वाहून जाऊ न देणे.
* विहिरी, कूपनलिका, ओढे आणि गायराने यांपासून अंतर राखणे.
* मध्यम प्रदूषित गाळ शेतात न नेता अखाद्य पिके, वृक्षलागवड किंवा भरावासाठी वापरणे. चुना व सेंद्रिय खत यांमुळे कॅडमिअम व जस्ताची चलता घटते, मात्र हे धातू जमिनीतून नाहीसे होत नाहीत.
* अत्यंत प्रदूषित गाळ अस्तर घातलेल्या बंदिस्त जागेत ठेवून झाकणे व तेथील भूजलाची नियमित तपासणी करणे.

वनस्पतींच्या साहाय्याने माती शुद्ध करण्याच्या पद्धतीवर संशोधन झाले आहे. परंतु गाळाच्या जाड थरातून धातू या मार्गाने काढण्यास दशके लागतात. दूषित जमीन पूर्ववत करण्याचा खर्च जिंझू खोऱ्याच्या उदाहरणाप्रमाणे अवाढव्य असतो. त्या तुलनेत उपशापूर्वीची तपासणी अत्यल्प खर्चाची असल्याने, स्वच्छ गाळाचा शेतीला होणारा लाभ कायम ठेवून धोका टाळण्याचा तोच सर्वांत परिणामकारक मार्ग मानला जातो.